रेणूंचे आकार : पाठ करू नका, मोजा



अकरावीत रासायनिक बंधांचा धडा सुरू झाला की पांढुर्णा-सौंसरकडची बरीच मुले आकारांचा तक्ता घोकून ठेवतात. पुस्तकात ‘एकाकी युग्म’, घरी बोलणे मराठीत. शब्द पाठ होतो, अर्थ राहून जातो. मग तक्त्याबाहेरचा रेणू विचारला की गाडी अडते. म्हणून या अंकात आम्ही तक्ता नव्हे, रीत देत आहोत.

सिजविक व पॉवेल यांनी १९४० साली ही कल्पना मांडली. गिलेस्पी व नायहोम यांनी १९५७ साली तिला नियमांचे रूप दिले. तत्त्व सोपे आहे : इलेक्ट्रॉनांच्या जोड्या एकमेकींना दूर ढकलतात आणि शक्य तितक्या लांब राहतात.

रीत अशी :

१) मधल्या अणूच्या बाहेरच्या कवचातील इलेक्ट्रॉन मोजा.
२) त्याला किती अणू जोडले आहेत ते पाहा. दुहेरी बंधाची दिशा एकच, म्हणून तो एकच धरा.
३) बंधात न लागलेले इलेक्ट्रॉन दोन-दोन करून मोजा. या एकाकी जोड्या.
४) जोडलेले अणू व एकाकी जोड्या यांची बेरीज करा. दोन आल्यास सरळ रेषा, तीन आल्यास त्रिकोण, चार आल्यास चतुष्फलक.
५) आकाराचे नाव मात्र फक्त अणूंवरून द्या. एकाकी जोडी नावात येत नाही, पण जागा जास्त अडवते.

आता घराजवळची उदाहरणे घेऊ. गोबरगॅसमधील मिथेन : कार्बनचे चारही इलेक्ट्रॉन चार हायड्रोजनशी बांधलेले, चतुष्फलक, कोन १०९.५ अंश. गोठ्यात उग्र वास येतो तो अमोनिया : नायट्रोजनच्या पाचांपैकी तीन बंधात, एक जोडी उरली, बुटका पिरॅमिड, कोन १०७ अंश. पाणी : ऑक्सिजनच्या सहांपैकी दोन बंधात, दोन जोड्या उरल्या, वाकडा रेणू, कोन १०४.५ अंश. संत्र्याची पाने घेतात तो कार्बन डायऑक्साइड : दोन दुहेरी बंध, उरले काहीच नाही, सरळ रेणू, १८० अंश.

पाणी व कार्बन डायऑक्साइड, दोन्हींत अणू तीनच. तरी एक वाकडा, एक सरळ. पाण्याच्या रेणूची एक बाजू किंचित ऋण व दुसरी किंचित धन राहते, ती या वाकडेपणामुळेच. म्हणून मीठ, युरिया पाण्यात विरघळतात आणि खत बागेतील झाडांच्या मुळांपर्यंत पोचते. रेणू सरळ असता तर दोन्हीकडची ओढ एकमेकींना पुसून गेली असती.

रीतीला मर्यादाही आहे. बोर्डो मिश्रणासाठी वापरतो त्या मोरचुदातील तांब्यासारख्या धातूंना ती नीट लागू पडत नाही.

पालकांना विनंती : महागडे साचे नकोत. चार फुगे सारखे फुगवून तोंडाशी एकत्र बांधा. ते आपोआप चतुष्फलक होतात. मग मुलाला ‘आकार कोणता?’ एवढेच न विचारता ‘का?’ असे विचारा, आणि उत्तर मराठीत सांगू द्या.

स्वाध्याय : आकार सांगा. अ) हायड्रोजन सल्फाइड, आ) सल्फर डायऑक्साइड, इ) अमोनियम आयन.

उत्तरे : अ) वाकडा, आ) वाकडा (बेरीज तीन), इ) चतुष्फलक.