माय-बापहो, बाहेरून कडी लावू नका

पोरगं नशा करतं हे कळलं की आपल्या डोणगावात आधी धावपळ होते ती झाकायची. पानटपरीची उधारी गुपचूप फेडायची, पोराला मामाच्या गावी धाडायचं, देवापुढं शपथ घालायची. तरी नाहीच भागलं, तर सोयरीक बघायची. ‘लग्न झालं की सुधरते’ असं म्हणणाऱ्यांनी त्या येणाऱ्या लेकीचा विचार केलेला नसतो. माझ्याही घरी हे सगळे उपाय झाले, म्हणून हक्कानं बोलतो आहे.

माझी सुरुवात गांज्यानं झाली, मग गोळ्या, मग रोजची दारू. सोयाबीनची पट्टी आली की बाबा पैसे उशीच्या अभ्र्यात घालून त्यावर झोपायचे. आई कपडे धुण्याआधी माझे खिसे उलटे करून झटकायची. दोघंही आपल्याच घरात राखणदार झाले होते. लोक काय म्हणतील या धाकानं त्यांनी सख्ख्या भावालाही सांगितलं नाही, आणि त्या लपवालपवीचा सगळ्यात जास्त फायदा मीच घेतला.

एकदा मला खोलीत घालून बाहेरून कडी लावली. चार दिवस दारू मिळाली नाही की आपोआप सुटेल, हा भाबडा विश्वास. माझे हात असे थरथरले की चहाचा कप तोंडापर्यंत जाईना, आणि रात्री भिंतीवर नसलेली माणसं दिसू लागली. माय-बापहो, हे पोराचं नाटक नसतं. रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली तर फीट येते, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, ओढणाऱ्याची ‘टर्की’, म्हणजे नशा तुटल्यावरचा त्रास, वेगळी: अंग मोडून येतं, नाक-डोळे वाहतात, जुलाब होतात, झोप उडते. नशा तोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

अशा उपचारासाठीच पुण्यात 29 ऑगस्ट 1986 रोजी डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. अवचटांनी गर्दवर लेखमाला लिहिली, ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला उभे राहिले. तिथली रीत अशी की व्यसनी माणूस गुन्हेगार नाही, आजारी आहे. मारायचं नाही, अपमान करायचा नाही. नशेतून बाहेर आलेलीच माणसं तिथं नव्यांना समजावतात, आणि घरच्यांनाही बोलावून घेतात. मी ज्या केंद्रात राहिलो तिथंही आई-बाबांना समोर बसवलं. बाबा त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यादेखत रडले. माझी उधारी फेडणं त्यांनी थांबवलं ते तिथून आल्यावर, आणि त्याचा मला औषधाइतकाच उपयोग झाला.

केंद्र निवडताना मात्र डोळे उघडे ठेवा. मानसोपचाराचे डॉक्टर येतात का, घरच्यांना भेटू देतात का, हे आधी जाऊन विचारा. जिथं साखळीनं बांधतात, मारतात, तिथं पोटचं पोर टाकू नका. कुठून सुरुवात करावी समजत नसेल तर 14446 हा सरकारचा मोफत फोन आहे. पोलिसांची भीती वाटते, तीही खरीच. पण 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यात 64-अ कलम आहे: जो स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला जातो आणि ते पूर्ण करतो, त्याला नशा केल्याच्या किंवा अगदी थोडा माल सापडल्याच्या खटल्यातून सूट मिळते. जास्त माल सापडला तर ती नाही.

परत आल्यावर पोरगं घसरू शकतं. मीही घसरलो. त्या दिवशी ‘एवढा खर्च केला, वाया गेला’ असं त्याला ऐकवू नका. शुगर वाढलेल्या माणसाला आपण दवाखान्यात नेतो, तसंच त्याला लगेच केंद्रात न्या. खिशात रोकडा देऊ नका, पण ताट वाढलेलं असू द्या. पाठपुराव्याची बैठक असेल त्या दिवशी वावरातलं काम एक दिवस मागं ठेवा आणि तुम्हीही त्याच्यासोबत एसटीत बसा.