'किलोमक' : एका शब्दाचा अभ्यास



आमच्या पालि अभ्यासवर्गात 'द्वत्तिंसाकार' म्हणजे शरीराच्या बत्तीस भागांचा पाठ चालू होता. परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, किलोमक म्हणजे नेमका कोणता अवयव?" आम्ही तिघे शिकविणारे होतो. एकाने फुप्फुसावरण सांगितले, दुसऱ्याने श्वासपटल, तिसऱ्याने स्वादुपिंड. वर्षानुवर्षे पाठ म्हणणाऱ्या आम्हालाच अर्थ ठाऊक नव्हता, हे त्या दिवशी उघड झाले. त्यानंतर आम्ही जो अभ्यास केला, तो येथे थोडक्यात मांडीत आहोत.

बत्तीस भागांत किलोमकाचा क्रमांक तेरावा आहे. त्याच्या शेजारचे शब्द सोपे आहेत. हदय म्हणजे हृदय, यकन म्हणजे यकृत, पिहक म्हणजे प्लीहा आणि पप्फास म्हणजे फुप्फुस. अडचण येते ती किलोमकापाशी. त्याचे संस्कृत रूप 'क्लोमन्' असे आहे. परंतु तेथेही एकमत नाही. सुश्रुतसंहितेत क्लोम हृदयाच्या खाली उजवीकडे सांगितले आहे, तर चरकसंहितेत ते टाळूसह उदकवह स्रोतसाचे मूळ मानून त्याचा संबंध तहानेशी जोडला आहे. त्यामुळे वैद्यांपैकी कोणी स्वादुपिंड, कोणी पित्ताशय, तर कोणी उजवे फुप्फुस असा अर्थ घेतात. आजच्या मराठी जीवशास्त्रात तर 'क्लोम' म्हणजे माशाचे कल्ले! तेव्हा केवळ शब्दसाम्यावरून अर्थ ठरविता येत नाही.

पालि टेक्स्ट सोसायटीच्या कोशात (१९२१-२५) याचा अर्थ फुप्फुसावरण असा दिला आहे. भिक्खू ञाणमोली यांनी विशुद्धिमार्गाच्या इंग्रजी अनुवादात (१९५६) श्वासपटलाचा अर्थ देणारा शब्द वापरला. दोघेही थोर अभ्यासक. मग खरे काय मानावे? अशा वेळी मूळ ग्रंथालाच विचारावे.

आचार्य बुद्धघोषांनी इसवी सनाच्या पाचव्या शतकात श्रीलंकेत 'विसुद्धिमग्ग' रचला. गोव्याचे सुपुत्र धर्मानंद कोसंबी यांनी संपादिलेली त्याची देवनागरी आवृत्ती १९४० साली मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने प्रसिद्ध केली. त्याच्या आठव्या प्रकरणात प्रत्येक भागाचा रंग, आकार, दिशा, स्थान व मर्यादा सांगितली आहे. तेथे किलोमक हे गुंडाळणारे मांस असून ते दोन प्रकारचे आहे. झाकलेले किलोमक हृदय व वक्क म्हणजे मूत्रपिंडे यांना वेढून असते. न झाकलेले किलोमक सर्व शरीरभर कातडीखाली मांसाला वेढून असते. त्याचा रंग पांढरा, तलम वस्त्राच्या चिंधीसारखा.

आता पडताळून पाहू. फुप्फुसावरण हे फुप्फुसाभोवतीचे दुपदरी आवरण आहे. 'छातीत पाणी झाले' असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा या दोन पदरांमध्येच पाणी साचलेले असते. परंतु विसुद्धिमग्गातील वर्णनात फुप्फुसाचे नाव नाही. श्वासपटल हा छाती व पोट यांमधला एकच स्नायू आहे, तो सर्व शरीरभर पसरलेला नसतो. स्वादुपिंड ही तर ग्रंथी, ती कशालाच गुंडाळीत नाही. म्हणजे आमची तिन्ही उत्तरे अपुरी ठरली.

मटण साफ करताना मांसावर जो पांढरा, पातळ पापुद्रा सुटून येतो, तो आपल्या घरातील प्रत्येक आईने पाहिला आहे. किलोमकाचे वर्णन त्याच्याशी जुळते. म्हणून अर्थ सांगताना 'आवरण' किंवा 'पापुद्रा' असे म्हणावे, कोणत्याही एका आधुनिक अवयवाचे नाव देऊ नये, असे आमचे मत झाले आहे. प्राचीनांना आजचे शरीरशास्त्र ठाऊक होते, असा दावाही करू नये. हृदयाचे आवरण आणि मूत्रपिंडाचे आवरण आज वेगवेगळे मानले जाते. ग्रंथाने ती एकाच नावाखाली घेतली आहेत. हा फरक प्रामाणिकपणे सांगावा.

हा काथ्याकूट कशासाठी, असे कोणी विचारील. सतिपट्ठान सुत्तात धान्याच्या पिशवीचा दृष्टांत आहे. डोळस माणूस पिशवी उघडतो आणि ही साळ, हे मूग, हे तीळ, असे एकेक दाणे ओळखतो. शरीराचे भाग तसे ओळखावयाचे आहेत. जो दाणा आपण ओळखलाच नाही, त्याचे नुसते नाव घेऊन हे ध्यान होत नाही.

त्या विद्यार्थिनीला आम्ही पुढच्या रविवारी आमची चूक सांगितली आणि वरील उत्तर दिले. तिने लगेच पुढचा प्रश्न टाकला, तो आम्ही वाचकांपुढे ठेवतो.

स्वाध्याय : बत्तीस भागांतील 'लसिका' या शब्दाचा विसुद्धिमग्गातील अर्थ सांध्यांमधील बुळबुळीत द्रव असा आहे. आजच्या मराठी वैद्यकात 'लसिका' कशाला म्हणतात? दोहोंतील फरक आपल्या शब्दांत लिहा.