पदकाच्या कडेवरील नांव

गेल्या दिवाळीच्या सुटीनंतर दहावीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें आम्हांस दाखविण्यासाठीं चांदीचें एक पदक आणिलें. जुन्या बाजारांत किल्ल्या, बिजागऱ्या व फुटक्या समया यांच्या ढिगांतून त्यानें तें विकत घेतलें होतें, आणि घरीं नेल्यावर चिंच व राख लावून चांगलें लख्ख घांसलें होतें. एका बाजूस राजे पंचम जॉर्ज यांचें मुख. दुसऱ्या बाजूस घोड्यावर बसलेला पुरुष, घोड्याच्या टापांखालीं ढाल आणि कवटी, व १९१४ आणि १९१८ हीं सालें. पहिल्या महायुद्धांत साम्राज्याच्या सैन्यांत लढलेल्या लोकांस दिलेलें हें युद्धपदक होय. विद्यार्थ्याचा प्रश्न एवढाच होता कीं, याची किंमत काय येईल?

आम्हीं त्यास पदक आडवें धरून कड पाहावयास सांगितलें. तिच्यावर बारीक रोमन अक्षरांत चार गोष्टी ठोकलेल्या असतात: सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नांव व पलटण. क्रमांक स्पष्ट होता, ‘११० मराठा’ हेंही वाचतां आलें. नांवाचीं मधलीं अक्षरें मात्र आधींच झिजलेलीं होतीं, व राखेनें उरलेलें काम केलें होतें.

११० वी मराठा पलटण म्हटलें कीं कूत-अल्-अमारा आठवतें. १०३, ११० व ११७ या तीनही मराठा पलटणी मेसोपोटेमियांत, म्हणजे आजच्या इराकांत, जनरल टाउन्झेंड यांच्या हाताखालीं होत्या. ७ डिसेंबर १९१५ रोजीं कूतला तुर्कांचा वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ रोजीं उपासमारीनें खंगलेल्या सैन्यानें शस्त्रें खालीं ठेविलीं. त्यानंतर कैद्यांची जी वाळवंटांतून पायपीट झाली, तींत कितीएक वाटेंतच पडले. त्यांच्यापैकीं पुष्कळांस थडगें मिळालें नाहीं.

मग त्यांचें स्मारक कोठें आहे? बसरा येथें १९२९ सालीं एक विस्तीर्ण स्मारक उभारण्यांत आलें. तें ४०,००० हून अधिक मृतांचें आहे. साध्या गोऱ्या शिपायाचें नांव तेथें कोरलेलें आहे, आमच्या सुभेदार-जमादारांचेंही आहे. परंतु हिंदी शिपायाच्या वांट्यास पलटणीच्या नांवाखालीं नुसता आंकडा आला. अमुक पलटण, इतके शिपाई, एवढेंच. फ्रान्समध्यें नव्ह-शापेल येथील १९२७ च्या स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांचीं नांवें कोरलीं गेलीं, म्हणजे कोरतां येत नव्हतीं असें नाहीं. युद्धसमाधि-आयोगानें या भेदाची चौकशी करून एप्रिल २०२१ मध्यें जाहीर क्षमा मागितली.

घरच्या बाजूसही तोच प्रकार आहे. सातारा-रत्नागिरीकडील कित्येक गांवांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतींत एक दगडी पाटी दिसते: या गांवांतून महायुद्धास इतके लोक गेले, पैकीं इतक्यांनीं प्राण दिले. पुन्हा आंकडाच! तेव्हां बसऱ्याच्या दगडावर नाहीं, गांवच्या दगडावर नाहीं, अशा शिपायाचें नांव जर कोठें धातूंत टिकलें असेल, तर तें त्याच्या पदकाच्या कडेवर. आमचा विद्यार्थी चिंच-राखेनें काय पुसत होता, हें त्याच्या ध्यानांत आलें तेव्हां त्याचा चेहरा उतरला. आम्हीं त्यास रागें भरलों नाहीं. आम्ही स्वतः लहानपणीं जुनीं नाणीं अशींच घांसलीं आहेत.

अशा वस्तूंचा संग्रह करणें वाईट आहे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. १९८० सालीं चांदीचा भाव भडकला, तेव्हां पदकाच्या मोलापेक्षां त्यांतील चांदीचें मोल अधिक झालें आणि असंख्य युद्धपदकें मुशींत गेलीं. जीं वांचलीं तीं बहुतेक संग्राहकांमुळें. मात्र संग्राहकांतही फरक असतो. एकाच सैनिकाचीं दोन-तीन पदकें अधिक पैशांच्या लोभानें वेगळालीं विकणारे आहेत. कडेवरील नांव खरवडून दुसरें नांव घालणारे भामटेही आहेत. आणि खेड्यांत जाऊन एखाद्या म्हातारीकडून शंभर-दोनशें रुपयांत ट्रंकेंतील सगळें बोचकें उचलणारे, त्यांस आम्ही संग्राहक म्हणतच नाहीं. एक गोष्ट येथें नोंदविण्याजोगी आहे: दुसऱ्या महायुद्धाचीं पदकें ब्रिटिश सैनिकांस नांवावांचून मिळालीं, पण हिंदी सैनिकांचीं नांवें त्यांच्या पदकांवर घातलेलीं आहेत. म्हणजे शोध घेणारास वाट मोकळी आहे.

त्याच दुसऱ्या युद्धांत, मार्च १९४४ मध्यें, पांचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण मणिपुरांत सांगशाक येथें जपान्यांशीं लढली. जपानी शिपाई घरून निघतांना सूर्याच्या लाल गोलाभोंवतीं आप्तेष्टांनीं सह्या केलेलें निशाण बरोबर घेई. मेलेल्या शत्रूच्या अंगावरून तीं निशाणें विजयाची खूण म्हणून हजारोंनीं उचललीं गेलीं. अमेरिकेंतील ओरेगन संस्थानांत २००९ सालीं स्थापन झालेली ‘ओबोन सोसायटी’ तीं परत जपानांतील घरीं पोंचविते. शेंकडों पोंचलीं आहेत. कित्येक घरांस मृताचें दुसरें कांहींच आलेलें नव्हतें.

आतां आमच्या पदकाकडे वळूं. पातळ कागद कडेवर गुंडाळून त्यावर शिसपेन्सिल हलकेंच फिरविली, तेव्हां अक्षरें थोडीं उमटलीं. नांवावर फार विसंबूं नये. साहेबाच्या कारकुनानें जाधवाचा ‘जादो’ केलेला असतो. क्रमांक व पलटण यांवर भिस्त ठेवावी. आयोगाच्या नोंदी आज कोणासही पाहतां येतात, आणि हिंदी मृतांच्या नोंदींत पुष्कळदां बापाचें नांव, गांव व तालुका सांपडतो. येथेंही सांपडला. तें नांव आम्ही येथें छापीत नाहीं, कारण छापण्यास त्या घरची अनुमति मागितलेली नाहीं.

विद्यार्थ्यानें सरपंचांस पत्र लिहिलें. दोन महिने उत्तर नव्हतें. मग आलें तें शिपायाच्या भावाच्या नातवाचें. १९७२ च्या दुष्काळांत आजीनें पदक विकून जोंधळे आणिले होते. विकलेली वस्तु परत मागण्यास तोंड नाहीं, पण पाहावयास मिळालें तर बरें, असें त्यांनीं लिहिलें होतें.

मे महिन्यांत विद्यार्थी वडिलांसह त्या गांवीं गेला. नांवाचा कागद त्यांनीं प्रथम घेतला व तो बराच वेळ हातांत धरून ठेविला. पदक फुकट घेण्यास मात्र ते तयार होईनात. “पोरा, हाय आमचंच, पर फुकट कसं घ्यावं?” असें म्हणून बाजारांत पडली होती तेवढी किंमत त्यांनीं विद्यार्थ्याच्या हातावर मोजून ठेविली. वडिलांनीं मान हलविल्यावर त्यानें ती घेतली. कागदाची दुसरी प्रत त्याच्या वहींत आहे.