वारली समाजातील ज्येष्ठांचे गाणे

प्रास्ताविक

लोकगीताचा अभ्यास करताना आपण गीताचा आशय, रचना आणि प्रसंग यांचा विचार करतो. गाणाऱ्याच्या वयाचा सहसा करीत नाही. वार्धक्य आणि संगीत हा विषय निघाला की विरंगुळा केंद्रात कार्यक्रम ऐकत बसलेले ज्येष्ठ नागरिक डोळ्यांपुढे येतात. तेथे संगीत त्यांच्यासाठी असते. वारली समाजात हे नाते निराळे आहे. तेथे गावाची काही कार्ये ज्येष्ठांच्या गाण्यावाचून अडतात, आणि त्यांच्या स्वास्थ्याचा प्रश्न या अडण्याशीच निगडित आहे.

धवलेरी

पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार या तालुक्यांत वारलींची मोठी वस्ती आहे. त्यांचा पारंपरिक विवाह धवलेरी लावते. हे नाव वाचताच तुम्हांला महदंबेचे ‘धवळे’ आठवले असतील. धवळे म्हणजे विवाहगीते. तेराव्या शतकातील महानुभाव कवयित्रीने ज्या गीतप्रकारात रचना केली, त्याच्याशी नाते सांगणारा शब्द येथे एका जिवंत पदाचे नाव आहे.

सवाष्ण स्त्रिया भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात. त्यात पालघट देवी असते. धवलेरी गाऊन देवांना लग्नास बोलावते. विधी पुढे सरकतो तसे तिचे गाणेही पुढे सरकते आणि जोडीच्या बाया ते मागून उचलतात. ही गीते लिहिलेली नसतात. कोणत्या विधीला कोणते गीत, कोणत्या देवाचे नाव कोठे यावयाचे, हे सारे तिच्या स्मरणात असते. धवलेरी वृद्धच असावी असा नियम नाही. परंतु एवढे पाठांतर अनेक लग्ने मागून गात गातच मुरते. एरवी ज्या वयात स्त्रीचा शब्द घरात मागे पडू लागतो, त्या वयात येथे तिला सन्मानाने बोलावणे येते.

भगत आणि तारपा

घांगळीच्या साथीने कणसरीची, म्हणजे धान्यदेवतेची कथा गाणारा भगतही असाच स्मरणावर उभा असतो. तारप्याचे मात्र थोडे वेगळे आहे. वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा यांचे हे वाद्य दमाची कसोटी पाहते. भाताच्या कापणीच्या सुमारास रात्री वादक मधोमध उभा राहतो आणि नाचणाऱ्यांची साखळी त्याच्याभोवती फिरते. त्याने चाल बदलली की पावले बदलतात. त्याचा दम कमी झाला तरी वाद्य बांधण्याची आणि चाली शिकविण्याची जाण त्याच्यापाशी उरतेच.

चित्र गेले, गाणे राहिले

१९७०च्या दशकात वारली चित्रे भिंतीवरून कागदावर आली. जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. आज तारप्याभोवतीचा नाच साड्यांवर आणि चहाच्या कपांवरही दिसतो. चित्राला बाजारपेठ लाभली, पण चौकाबरोबर गायिले जाणारे गीत चौकापाशीच राहिले. त्याला विकत घेणारा नाही. असावा का, हा प्रश्न वेगळा. दरम्यान कित्येक लग्नांत डीजे आला, विधी आटोपते झाले. अशा वेळी धवलेरीस मंडपात खुर्ची मिळते, मानाचे पातळही मिळते. मात्र काम मिळत नाही. तिच्यासाठी पाड्यावर गाण्याचा कार्यक्रम ठेवल्याने ही हानी भरून निघेल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. ज्या गीताला मागून म्हणणारे कोणी नाही, ते आठवण्याचे प्रयोजनही हळूहळू नाहीसे होते. ध्वनिमुद्रणाचा उपयोग अभ्यासकाला निश्चित आहे. गाणारीला मात्र शिकणारी मुलगी हवी असते.

क्षेत्रीय उपक्रम

तुमच्या परिसरातील पारंपरिक गीते जाणणाऱ्या एका ज्येष्ठ व्यक्तीस भेटा. गीत उतरवून घेण्याआधी, ते शेवटचे कोणत्या प्रसंगी गायिले, तेव्हा मागून कोण म्हणत होते आणि आता बोलावणे येते का, हे विचारा. काही गीते प्रसंगावाचून गाण्यास नकार मिळू शकतो. आग्रह न धरता त्या नकाराचीही नोंद करा. मिळालेल्या उत्तरांवर २५० शब्दांचे टिपण लिहा.