हस्तव्यवसायातील प्रगतीची नोंद : लाकडी धनुष्य

प्रयोजन. तयार वस्तूस गुण देणे सोपे असते. ती कसकशी घडत गेली हे पाहणे अवघड. परळ-लालबागच्या मूर्तिशाळांत मातीच्या मूर्तीचा हात आखूड झाला, तर कारागीर तेथे माती लावून तो सुधारतो. दगडाचे तसे नाही. परळ येथे 1931 साली रस्त्याच्या कामात सापडलेली, सुमारे साडेतीन मीटर उंचीची शिवशिळा बारादेवी मंदिरात आहे. तिचे काम अपूर्ण राहिले असावे, असे अभ्यासक मानतात. लाकूड दगडाच्याच जातीचे : तासलेले पुन्हा चिकटत नाही. शिवाय पुऱ्या झालेल्या धनुष्यावर मागील पायऱ्यांची खूण उरत नाही. ती वहीतच राहते.

साहित्य. सह्याद्रीतील धामणीचे लाकूड चिवट व लवचिक असते. तिचे ‘धन्वन’ हे संस्कृत नाव धनुष्याशीच नाते सांगते. सरळ रेषांची, सुमारे 150 सेंटिमीटर लांबीची काठी रीतसर परवानगीने मिळवावी. पट्टी, तानकाटा, रंधा, कानस व दोरी लागेल.

कृती व नोंद.

1. काठी सावलीत वाळवावी. दर आठवड्यास वजन करून लिहावे. वजन घटावयाचे थांबले म्हणजे लाकूड वाळले असे समजावे.

2. मध्य आखावा. बाहेरील बाजूचे तंतू अखंड राखावेत. तासणे ते आतील बाजूनेच.

3. आतील बाजू खाली ठेवून काठी मुठीपाशी भिंतीवरील खुंटीवर आडवी बसवावी. मागे सरळ आडवी रेघ काढावी. दोरी थोडी खाली ओढून दोन्ही टोके रेघेपासून किती उतरली ते मोजावे. डावे टोक 12 व उजवे 10 सेंटिमीटर उतरले, तर उजवी बाजू ताठर आहे. तीच किंचित तासावी.

4. प्रत्येक तासणीनंतर दोरी वीस वेळा हलकेच ओढावी, मगच पुन्हा मोजावे. तानकाट्यावरील ताणही लिहावा. ठरविलेल्या ताणापलीकडे कधीही ओढू नये.

5. दोरी काढल्यावर काठीत उरलेला बाक नोंदवावा. तो एकाएकी वाढल्यास काम थांबवून त्याचे कारण शोधावे.

वहीत पाच रकाने पुरेत : दिनांक, केलेले काम, डावे-उजवे माप, ताण व बाक, उद्या करावयाचे काम. शेवटचा रकाना विद्यार्थ्याने स्वतः भरावा; त्याचा विचार तेथेच दिसतो.

दक्षता. दोरी शिक्षकांनीच ओढावी व मुले बाजूस उभी करावीत. बाणाविना दोरी ताणून सोडू नये, धनुष्य तडकते. बाण या पाठात करावयाचे नाहीत.

मूल्यमापन. एखाद्या गटाचे धनुष्य अखेरच्या दिवशी मोडेल. वही नसेल, तर त्या मुलांच्या हाती केवळ निराशा उरेल. वही असेल, तर कोणत्या तासणीनंतर बाक वाढला हे तीच मुले वर्गास दाखवू शकतील. त्यांचे गुण कापू नयेत. नोंदीवाचून साधलेल्या धनुष्यापेक्षा नोंदीसह मोडलेल्या धनुष्यातून वर्ग अधिक शिकतो, हे शिक्षकबंधुभगिनींनी ध्यानी ठेवावे.