घरचा संगणक परस्पर डेटा पाठवतोय अशी शंका आली तर

इंदूरच्या राजेंद्रनगर, लोकमान्यनगर भागात अशी मराठी घरं आहेत जिथे मुलं पुण्या-बेंगळुरूला नोकरीला आणि संगणक आईबाबांच्या हाती. कोणी वापरत नसतानाही राऊटरचा दिवा लुकलुकतोय, डेटा भराभर संपतोय असं दिसलं की मुलगा फोनवर सांगतो, "फॉरमॅट मारा." तो उपाय शेवटचा. त्यात तपासाचा पुरावा आणि घरचे फोटो दोन्ही जातात.

काय करावे

• आधी पाहा, कोणता प्रोग्राम नेट वापरतोय. विंडोजमध्ये कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्समधून रिसोर्स मॉनिटर, त्यात नेटवर्क. प्रोग्रामचं नाव, पलीकडचा पत्ता आणि वेळ वहीत लिहा, स्क्रीनचा फोटो घ्या.

• टास्क मॅनेजरच्या यादीत त्या नावावर उजवी क्लिक करून फाइल कुठे आहे ते बघा. 'एसव्हीसीहोस्ट' हा विंडोजचाच प्रोग्राम. पण तो डाउनलोड्स किंवा टेम्प फोल्डरात सापडला, तर तो खरा नव्हे.

• निरुपद्रवी कारणंही तपासा. वनड्राइव्ह फोटो चढवतो. विंडोज अपडेट तर आपल्या संगणकावरून दुसऱ्यांच्या संगणकांनाही अपडेटचे तुकडे पाठवू शकतो. सेटिंग्जमध्ये 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' बंद करता येतं.

• शंका पक्की झाली की वाय-फाय तोडा, केबल काढा. मग विंडोजच्याच डिफेंडर या अँटिव्हायरसचं ऑफलाइन स्कॅन चालवा. केंद्र सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र 2017 पासून बॉट, म्हणजे संगणक परस्पर वापरणारे छुपे प्रोग्राम, काढण्याची साधनं फुकट देतं. ती दुसऱ्या संगणकावरून उतरवून घ्या.

• राऊटरला जोडलेली उपकरणं मोजा. दोषी संगणक नसून दारावरचा कॅमेराही असू शकतो. 2016 मध्ये मिराई या मालवेअरने कारखान्यातलेच पासवर्ड राहिलेले कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले होते. राऊटरचा पासवर्ड आजच बदला.

काय टाळावे

• "तुमच्या संगणकात व्हायरस आहे" म्हणणाऱ्या फोनवर विश्वास ठेवू नका. इंदूरमध्येच 2019 मध्ये अमेरिकन लोकांना फसवणारी बनावट कॉल सेंटरं पोलिसांनी पकडली. असे धंदे परदेशातच चालतात असं नाही.

• कोणी सांगितलं म्हणून एनीडेस्क हे दुरून संगणक चालवू देणारं अ‍ॅप टाकू नका. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2019 मध्येच याबद्दल बँकांना सावध केलं होतं.

• त्याच संगणकावरून बँकेचा पासवर्ड बदलू नका. नवा पासवर्डही चोराकडे जाईल. मोबाइल डेटावर, फोनवरून बदला.

• दोन-तीन अँटिव्हायरस एकदम बसवू नका. ते एकमेकांच्या आड येतात.

• विंडोज 10 वर निर्धास्त राहू नका. 14 ऑक्टोबर 2025 ला त्याची नियमित सुरक्षा अपडेट्स थांबली.

• पैसे गेले असतील तर संगणक दुरुस्त होईपर्यंत थांबू नका. आधी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930 लावा, मग बँकेला कळवा. रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी तक्रार पोहोचली, तर ती गोठवता येण्याची शक्यता जास्त.