गोचिडींची पाहणी व त्यांच्यातील रोगजंतूंचा शोध

गोचीड हा गोठ्यातील नेहमीचाच उपद्रव, असे समजून शेतकरी तिच्याकडे फारसे लक्ष देत नाही. जनावर अंग घासू लागले, दूध थोडे आटले, की हाताला लागतील तेवढ्या गोचिडी उपटून विस्तवात टाकल्या जातात व काम संपले असे मानले जाते. परंतु रक्त शोषणे हे गोचिडीकडून होणारे लहान नुकसान होय. एका जनावराच्या रक्तातील रोगजंतू दुसऱ्याच्या रक्तात पोचविणे हे तिचे खरे घातक कार्य आहे. कर्ज काढून आणलेली संकरित गाय थोड्या दिवसांच्या तापाने दगावते, तेव्हा तिच्या कानात चिकटलेली गोचीड त्या मृत्यूचे कारण असू शकते. म्हणून गावात कोणत्या जातीची गोचीड आहे, ती कोणत्या महिन्यात वाढते व तिच्या शरीरात कोणता जंतू आहे, याची पद्धतशीर पाहणी करणे अगत्याचे आहे.

पुणे येथील कार्य

या विषयात पुणे शहराचे स्थान महत्त्वाचे आहे. १९५२ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषद व रॉकफेलर प्रतिष्ठान यांच्या सहकार्याने पुण्यात विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले. १९७८ पासून ते राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते. १९५७ साली म्हैसूर राज्याच्या शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली आणि त्याच सुमारास आसपासच्या खेड्यांतील माणसांना तीव्र ताप व रक्तस्राव होऊ लागला. प्रथम पीतज्वराची शंका आली. पुण्याच्या केंद्रातील शास्त्रज्ञांनी जंगलात जाऊन रुग्णांचे व माकडांचे नमुने घेतले, गोचिडी गोळा केल्या, आणि हा एक नवीन विषाणू असून तो हीमाफायसॅलिस स्पिनिजेरा या रानातील गोचिडीमार्फत पसरतो, हे दाखवून दिले. हाच तो क्यासनूर वनज्वर अथवा माकडताप होय.

पुढे हा रोग आपल्या सीमेवर आला. २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात व २०१६ साली सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात त्याचे रुग्ण आढळले. काजूच्या बागांत व रानात काम करणाऱ्यांना त्याची विशेष बाधा झाली. २०११ साली गुजरातमधील साणंद तालुक्यात क्रिमियन-काँगो रक्तस्रावी ज्वराने एक रुग्ण दगावली व तिच्यावर उपचार करणाऱ्यांपैकीही काहींचा मृत्यू झाला. त्या रोगाचे निदान पुण्याच्या संस्थेनेच केले. हा विषाणू हायलोमा गटातील गोचिडीत राहतो. ती गोचीड गाई-म्हशींच्या अंगावर सर्रास आढळते.

जनावरांच्या रोगनिदानाचे काम पुण्यातच औंध येथील पशुसंवर्धन खात्याच्या प्रयोगशाळेत चालते. पुणे जिल्ह्यात संकरित गाईंचा प्रसार मोठा आहे. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या संस्थेचा त्या प्रसारात मोठा वाटा आहे. संकरित गाय दूध अधिक देते, पण खिलारीसारख्या देशी जनावराइतकी ती गोचिडीला दाद न देणारी नसते. दुधाबरोबर ही जबाबदारीही शेतकऱ्याच्या दारी आली आहे.

ओळखावयाच्या जाती

पहिली बूफिलस. ही पिल्लावस्थेपासून प्रौढावस्थेपर्यंत एकाच जनावराच्या अंगावर सुमारे तीन आठवडे राहते. रक्त पिऊन टंच झालेली निळसर करडी मादी जमिनीवर पडून दोन-तीन हजार अंडी घालते. तांबवा या रोगाचे जंतू, म्हणजे बॅबेसिया, मादीच्या अंड्यांतून पुढील पिढीत उतरतात. म्हणून तिची नुकती अंड्यातून निघालेली पिल्लेदेखील रोग घेऊनच येतात.

दुसरी हायलोमा. हिचे पाय लांब व त्यांवर फिकट पट्टे असतात. ही भिंतीच्या भेगांत, गव्हाणीच्या फटींत व दगडांखाली दडून बसते. संकरित जनावरांना होणारा गोचीडताप, म्हणजे थायलेरियोसिस, हिच्यामार्फत होतो. येथे जंतू अंड्यांतून उतरत नाही. पिल्लू आजारी जनावराचे रक्त पिते, कात टाकून वाढते व पुढच्या अवस्थेत दुसऱ्या जनावराला चावून रोग देते.

तिसरी हीमाफायसॅलिस. आकाराने लहान, रानावनांत व घाटमाथ्यावर आढळणारी. माकडताप पसरविणारी जात याच गटातील आहे.

चौथी कुत्र्याची तांबूस गोचीड. शहरातील घरे, वाडे व कुत्री यांच्या सान्निध्यात ती वाढते. कुत्र्यांचे अनेक रोग हिच्यामार्फत पसरतात.

पाहणीची पद्धत

पाहणी एकदा करून भागत नाही. तीच गोठी, तीच जनावरे व तेच रान दर महिन्यास पाहावे. तसे केले तरच गोचिडी केव्हा वाढतात हे ध्यानी येते.

जनावराच्या अंगावरील पाहणी करताना कानाचा आतील भाग, मानेखालची पोळी, काखा, कास, मांड्यांची आतील बाजू व शेपटीखालची जागा हाताने चाचपून पाहावी. बूफिलसची मोजणी करताना एका अंगावरील साडेचार मिलिमीटरहून मोठ्या माद्या मोजून दुप्पट कराव्यात. सर्व बारीक गोचिडी मोजण्याच्या खटाटोपापेक्षा ही रीत सोपी असून महिन्यामहिन्यांची तुलना करण्यास पुरेशी आहे.

गोठ्यातील पाहणीत भिंतीच्या भेगा काडीने उकरून पाहाव्यात. रानातील पाहणीसाठी सुमारे एक मीटर लांब-रुंद पांढरे जाड फडके काठीला बांधून पालापाचोळ्यावरून व गवतावरून हळू ओढावे. भक्ष्याची वाट पाहत बसलेल्या गोचिडी त्यास चिकटतात. थोड्या थोड्या अंतरावर थांबून फडके दोन्ही बाजूंनी तपासावे व किती अंतर चाललो ते टिपून ठेवावे.

गोचीड काढताना चिमट्याने तिला कातडीलगत धरून सरळ वर ओढावे. बोटांनी चिरडू नये, रॉकेल ओतू नये, विस्तवाने भाजू नये. चिरडलेल्या गोचिडीतील रक्त हाताच्या जखमेत गेल्यास माणसालाही रोग होण्याचा धोका आहे. हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे व पायमोज्यांत खोवलेली विजार हा पाहणी करणाऱ्याचा पोशाख असावा. घरी परतल्यावर सर्व अंग तपासून गरम पाण्याने स्नान करावे व कपडे कढत पाण्यात भिजवावेत.

जात ओळखण्यासाठी पाठवावयाच्या गोचिडी सत्तर टक्के अल्कोहोलात ठेवाव्यात. विषाणूच्या तपासणीसाठी त्या जिवंत पाठवाव्यात. नळीत ओलसर कागदाचा तुकडा घालून तोंड कापडाने बांधावे व नळी थंड पेटीतून विनाविलंब पोचवावी. प्रत्येक नळीत शिसपेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी असावी. तीत गाव, तारीख, जनावराचा प्रकार व वय, ते घरचे की बाहेरून आणलेले, अंगावरील जागा किंवा रानातील ठिकाण आणि पाहणी करणाराचे नाव असावे. चिठ्ठीवाचून आलेली गोचीड ही केवळ मेलेला किडा होय. तिच्यापासून गावाला काही कळत नाही.

प्रयोगशाळेत काय होते

प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली गोचिडींची जात, लिंग व अवस्था यांनुसार विभागणी होते. एका जातीच्या अनेक गोचिडी एकत्र वाटून त्यांचा एक गट तपासतात. पूर्वी हे मिश्रण उंदरांच्या दूधपित्या पिल्लांना टोचून विषाणू वेगळा करीत असत. आता विषाणूचे अथवा इतर जंतूंचे आनुवंशिक द्रव्य थेट ओळखणारी चाचणी करतात. धोकादायक विषाणूंचे काम बंदिस्त प्रयोगशाळेतच चालते. अशी सर्वोच्च सुरक्षिततेची प्रयोगशाळा पुण्यात पाषाण येथे २०१२ साली सुरू झाली.

समजा, हजार गोचिडींचे पन्नास-पन्नासाचे वीस गट केले व त्यांपैकी तीन गटांत जंतू सापडला. प्रत्येक बाधित गटात निदान एक गोचीड बाधित असणारच. म्हणजे हजारी किमान तीन बाधित आहेत, एवढेच निश्चितपणे म्हणता येते. याहून मोठा दावा करू नये.

निष्कर्ष काढताना

येथेच अनेकांची फसगत होते. आजारी गाईच्या अंगावर रक्त पीत असलेल्या गोचिडीत जंतू सापडला, म्हणून ती जात रोग पसरविते असे सिद्ध होत नाही. तो जंतू तिने नुकत्याच प्यालेल्या रक्तातील असू शकतो. उलट, रानातील गवतावरून फडक्याला चिकटलेल्या उपाशी गोचिडीत जंतू सापडला, तर तो पुरावा अधिक भक्कम ठरतो, कारण तो तिच्या स्वतःच्या शरीरात टिकला आहे. यासाठी अंगावरच्या व रानातल्या गोचिडी वेगवेगळ्या नळ्यांत ठेवाव्यात. तसेच एका महिन्यात जंतू सापडला नाही, म्हणून गाव निर्धोक आहे असेही समजू नये.

माकडतापाचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. ती गोचीड प्रौढावस्थेत पावसाळ्यात रानात चरणाऱ्या गुरांच्या अंगावर पोसते. हिवाळा व उन्हाळ्यात तिच्या अर्धवट वाढलेल्या बारीक गोचिडी माणसाला चावतात. गुरांना या रोगाची बाधा दिसून येत नाही, तरी त्यांच्या रक्तावर गोचिडींची संख्या वाढते. पावसाळ्यात गाय निरोगी दिसते म्हणून पाहणी सोडून दिली, तर डिसेंबर ते मे या काळात काजू वेचावयास अथवा लाकूडफाट्यास रानात गेलेल्या माणसाला त्याची किंमत द्यावी लागते. सिंधुदुर्ग व तत्सम भागांत मेलेले माकड आढळल्यास त्यास हात न लावता आरोग्य खात्यास तत्काळ कळवावे.

पाहणीवरून करावयाचे उपाय

गोचीडनाशकाची एकच तारीख सर्व जातींना लागू पडत नाही. बूफिलस आढळल्यास गोठ्यातील सर्व जनावरांवर एकाच वेळी पशुवैद्यांनी सांगितलेल्या प्रमाणात औषध फवारावे व तीन आठवड्यांच्या आत पुन्हा फवारणी करावी. हायलोमा आढळल्यास केवळ जनावरावर फवारून भागणार नाही. भेगा लिंपाव्यात, भिंतींना चुना द्यावा व गोठा स्वच्छ ठेवावा. एकच औषध वर्षानुवर्षे कमीअधिक प्रमाणात वापरल्यास गोचिडी त्याला दाद देईनाशा होतात. फवारणीनंतर दूध कधी वापरावे हेही पशुवैद्यांना विचारावे.

बाजारातून आणलेली गाय गोठ्यात घेण्यापूर्वी तिचे कान व कास तपासावी आणि तिला काही दिवस वेगळी बांधावी. १०४ अंशांहून अधिक ताप, खांद्यापुढील गाठ सुजणे, डोळ्यांतून पाणी व फिकट पडलेल्या पापण्या ही गोचीडतापाची लक्षणे होत. लघवी कॉफीसारखी तांबूस झाल्यास तांबव्याची शंका घ्यावी. अशा वेळी रक्ताचा नमुना त्याच दिवशी तपासणीस पाठवावा. गोचीडतापावर ब्युपार्व्हाक्वोन हे औषध परिणामकारक आहे, पण ते लवकर दिले तरच. संकरित वासरांसाठी या रोगाची लसही आहे.

गावातील कार्यकर्त्याने एक साधी वही ठेवावी व दरमहा ठरलेल्या गोठ्यांतील मोजणी तीत लिहावी. वर्षभराच्या बारा ओळींत गावाचे गोचीडमान दिसू लागेल. गोचिडी कोणत्या महिन्यात चढतात हे ज्याला ठाऊक आहे, तो त्या महिन्याच्या आधी औषध आणून ठेवतो. ज्याला ठाऊक नाही, तो गाय तापल्यावर धावतो. पुण्याची प्रयोगशाळा जंतू ओळखू शकेल. तथापि तो जंतू कोणत्या गोठ्यातून व कोणत्या रानातून आला, हे सांगणारा गावातच असावा लागतो.